जुलैत कूलर का रुसतो?

झाशीचा मे महिना म्हणजे परीक्षाच. बुंदेलखंडातला खडक दिवसभर तापतो आणि दुपारी लू सुटली की किल्ल्याभोवतीच्या गल्ल्या ओस पडतात. मे २०२४ च्या अखेरीस तर पारा ४९ अंशांवर गेला होता. तरीही गवताच्या जाळ्यांचा कूलर असलेल्या घरात दुपारी डोळा लागतो. मग पाऊस येतो, पारा पस्तिशीवर उतरतो, सारे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि नेमका तेव्हाच कूलर रुसतो. गादी दमट, अंग चिकट. पुण्या-नाशिकहून सून होऊन आलेल्या मुलीला हे कोडे पहिल्याच पावसाळ्यात पडते. मेकॅनिक येतो, जाळ्या बदलतो, पैसे घेऊन जातो. फरक काही पडत नाही, कारण बिघाड कूलरमध्ये नसतोच.

पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता उचलते. शाळेत तिला सुप्त उष्णता म्हणतात आणि एका ग्रॅमला ५४० कॅलरी हा आकडा पाठ करून घेतात. पण तो आकडा १०० अंशांवर उकळणाऱ्या पाण्याचा. कूलरमधले किंवा माठातले पाणी थोडेच उकळते? तीस अंशांवर नुसते उडून जाणारे पाणी किती उष्णता नेते, हे कसे मोजायचे?

गंमत अशी, की त्यासाठी उष्णता मोजावीच लागत नाही. पाऱ्याने भरलेली, वरून बंद असलेली काचेची नळी उलटी उभी करायची. वरच्या मोकळ्या जागेत पाण्याचे थोडे थेंब सोडायचे. त्यांची वाफ होते आणि ती पाऱ्याला खाली ढकलते. जॉन डाल्टनने १८०० च्या सुमारास असेच प्रयोग केले. पाणी २० अंशांवर असेल तर पारा १७.५ मिलिमीटर उतरतो, ४० अंशांवर ५५.३. हा झाला बाष्पदाब. डॉक्टर रक्तदाब सांगतात तो याच मिलिमीटरमध्ये.

वीस अंशांच्या वाढीत दाब तिपटीहून जास्त झाला. हा चढ किती तीव्र आहे, त्यावरून पाण्याचे कण एकमेकांना किती घट्ट धरून आहेत हे कळते, आणि ती पकड सोडवण्याची किंमत म्हणजेच सुप्त उष्णता. हे नाते १८३४ मध्ये मांडले क्लॅपेरॉन या फ्रेंच इंजिनीअरने आणि १८५० मध्ये क्लॉशियस या जर्मन शास्त्रज्ञाने ते पक्के केले. क्लॅपेरॉनचे आयुष्य रेल्वे आणि वाफेच्या इंजिनांत गेले. झाशीसारख्या रेल्वेच्या गावाला तो परका वाटू नये.

हिशेब दहावी-बारावीच्या मुलांनी करून पाहावा. ५५.३ ला १७.५ ने भागले की ३.१६, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम १.१५. दोन्ही तपमानांत २७३ मिळवा : २९३ आणि ३१३. त्यांच्या व्यस्तांकांतला फरक ०.०००२१८. आता १.१५ ला या फरकाने भागा, वायूचा स्थिरांक १.९८७ ने गुणा आणि पाण्याच्या रेणुभाराने, म्हणजे १८ ने भागा. उत्तर येते ५८२ कॅलरीच्या आसपास. तीस अंशांसाठी कोष्टकात ५८० दिलेले असते! शेगडी न पेटवता, नळीतल्या दोन खुणांवरून एवढे नेमके उत्तर.

म्हणजे कूलरमधले लिटरभर पाणी उडाले, तर बर्फासारखे थंड पावणेसहा लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता त्याने नेली. जुलैतही हा भाव बदलत नाही. बदलते ती हवेतली जागा. मेमध्ये ४५ अंश तपमान आणि १५ टक्के आर्द्रता असली, तर हवेतल्या वाफेचा दाब ११ मिलिमीटरच असतो. जुलैत ३५ अंश आणि ७५ टक्के असली तर तो जवळजवळ ३२. थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून पंख्यासमोर धरा. मेमध्ये तो २३ अंशांपर्यंत उतरेल, जुलैत ३१ वरच अडेल. कूलर त्याच्या खाली जाऊच शकत नाही.

गादी दमट होणे एकवेळ चालेल. खरी काळजी अंगाची आहे, कारण घाम हा आपला स्वत:चा कूलर. कातडीचे तपमान ३५ धरले तर तिथल्या पाण्याचा दाब ४२. मेमध्ये हवेशी फरक ३१ मिलिमीटरचा, म्हणून घाम दिसायच्या आत उडतो. जुलैत फरक जेमतेम १० चा. घाम वाहतो, टपकतो, पण टपकलेला थेंब उष्णता नेत नाही, उडालेलाच नेतो. म्हणूनच पारा उतरला म्हणून निर्धास्त होणे चुकीचे. खिडक्या बंद करून कूलर लावलेल्या खोलीत म्हातारी माणसे, तान्ही मुले झोपवली, तर कूलर तासाभरात उरलीसुरली जागाही वाफेने भरून टाकतो.

कूलरसमोरची खिडकी सताड उघडी हवी, हे मेमध्येही खरे. पावसाळी उकाड्यात पाण्याचा पंप बंद करावा, नुसता पंखा चालू द्यावा. घरातले कुणी असंबद्ध बोलू लागले आणि अंग भट्टीसारखे तापले, तर घाम येतो की नाही हे पाहत बसू नये. अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत-मानेला बर्फ लावावा आणि लगेच दवाखाना गाठावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

माठाचे म्हणाल, तर पावसाळ्यात त्यातलेही पाणी मेसारखे गार होणार नाही. त्यासाठी नवा माठ आणण्याची गरज नाही.