शंभरपैकी ९३

आमच्या विभागात 'लोकप्रिय संस्कृती' या विषयावर प्रकल्प लिहायला लागतो. एका विद्यार्थ्याने त्यासाठी 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या प्लेस्टेशनवरील खेळावर पंचवीस पानांचा निबंध लिहून दिला. शीर्षक होते 'सूडाची व्यर्थता'. निबंधात कथानक होते, पात्रचित्रण होते, हिंसेचे चक्र होते, शोकात्मिकेची लक्षणे होती; शेवटी हा खेळ एखाद्या श्रेष्ठ कादंबरीच्या तोडीचा आहे, असा निष्कर्षही होता. मी त्याला भरघोस गुण दिले. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याच्या घरी तोच खेळ मी स्वतः खेळलो (म्हणजे भाच्याच्या भाषेत, मी 'मरत राहिलो'), आणि आपण कशाला गुण दिले या विचाराने अस्वस्थ झालो. निबंधात सगळे काही होते, फक्त खेळ नव्हता. तो निबंध यूट्यूबवर कुणी दुसरा खेळत असताना बघूनही लिहिता आला असता.

दोष त्या मुलाचा नाही. त्याने जे वाचले तेच तो लिहिणार. कन्सोलवरील मोठ्या खेळांविषयी इंग्रजीत जी मते मांडली जातात, त्यांतील बरीचशी याच वळणाची आहेत, आणि आमच्यासारखे साहित्याचे प्राध्यापक आता उशिरा जागे होऊन ती मते उत्साहाने उचलू लागले आहेत. माझे भांडण या उत्साहाशी आहे.

हा खेळ १९ जून २०२० रोजी प्लेस्टेशन ४ साठी प्रसिद्ध झाला. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साथीच्या रोगाने उद्ध्वस्त झालेली अमेरिका. एली नावाच्या तरुणीच्या डोळ्यांदेखत जोएल या तिच्या पितृतुल्य माणसाला ॲबी नावाची स्त्री ठार करते. एली सूड घेण्यासाठी सिॲटलला जाते. निम्मा खेळ झाल्यावर मात्र कंट्रोलर आपल्या हातात ॲबीलाच देतो, आणि तेच तीन दिवस तिच्या बाजूने जगायला लावतो. रचना धाडसी आहे, याबद्दल वाद नाही. पण समीक्षकांनी स्तुती केली ती मुख्यतः एका गोष्टीची: चित्रपटात आपण हिंसा नुसती पाहतो, इथे ती आपल्या हातून घडते, म्हणून हा खेळ आपल्याला अपराधी ठरवतो.

हा दावा तपासून पाहू. खेळात एके ठिकाणी एली एका रुग्णालयाच्या तळघरात नोरा नावाच्या स्त्रीकडून ॲबीचा ठावठिकाणा काढून घेत असते. लाल उजेडात फक्त एलीचा चेहरा दिसतो. पडद्यावर चौकोनाचे चिन्ह उमटते. आपण बटण दाबायचे, एलीच्या हातातला दांडा खाली येतो. पुन्हा चिन्ह, पुन्हा बटण. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि वाट पाहिली. काहीही झाले नाही. दृश्य तसेच थांबून राहिले. थांबण्याला, नकाराला, दुसऱ्या एखाद्या प्रश्नाला तिथे जागाच नाही. बटण दाबा, नाही तर खेळ बंद करून घरी जा. मग हे बटण आणि कादंबरीचे पान उलटणारे बोट यांत फरक काय? रास्कोल्निकोव्हची कुऱ्हाड आपण पान उलटल्याशिवाय खाली येत नाही, म्हणून म्हातारीचा खून वाचकाने केला असे कुणी म्हणत नाही.

शेवटी समुद्रकिनाऱ्यावर एली आणि ॲबी यांची झटापट होते. एली ॲबीला पाण्याखाली दाबून धरते, आपण बटण दाबत राहतो, आणि एकाएकी एलीला जोएल आठवतो व ती हात सोडते. निर्णय आपल्याला कुणी विचारलेला नसतो. सूडही तिचा, क्षमाही तिचीच. आपल्याकडे केवळ अंगठ्याची हमाली. तरीही 'हा खेळ तुम्हाला जबाबदार धरतो' असे परीक्षणांमागून परीक्षणांत लिहिले गेले, आणि माझ्या विद्यार्थ्यानेही ते जवळजवळ त्याच शब्दांत उतरवले.

गंमत अशी की याच खेळात एक जागा खरोखर थोर आहे. एलीला जोएलने गिटार शिकवलेली असते. खेळाच्या ओघात ती अधूनमधून गिटार वाजवते, आणि ती वाजवायची असते आपण: एका हाताने सूरसंगती निवडायची आणि कंट्रोलरवरच्या स्पर्शपट्टीवर दुसऱ्या हाताचे बोट ओढून तारा छेडायच्या. बोट हळू ओढले की तारा एकेक वाजतात, झटकन ओढले की एकदम. लढाईच्या दृष्टीने याचा काही उपयोग नाही. मला ती जागा इतकी आवडली की मी तिथे बराच वेळ रमलो. भाचा कंटाळून निघून गेला. पुढे किनाऱ्यावरच्या झटापटीत एलीच्या डाव्या हाताची दोन बोटे तुटतात. ती रिकाम्या घरी परतते, गिटार हातात घेते, आणि आपण सवयीने तोच हावभाव करतो. सूर तुटके येतात. संगती जुळत नाही. आपले बोट शाबूत आहे, स्पर्शपट्टी तीच आहे, आणि तरीही जमत नाही. सूडाची किंमत काय ते मला त्या क्षणी कळले, ते कुणी संवादातून सांगितले म्हणून नव्हे. माझ्या हाताला एक गोष्ट येत होती आणि ती आता येईनाशी झाली होती.

मी वाचलेल्या परीक्षणांपैकी बहुतेकांत या प्रसंगाचा उल्लेख 'हृदयस्पर्शी प्रतीक' असा एका ओळीत उरकलेला आहे. म्हणजे गिटार हे जोएलचे प्रतीक, बोटे हे गमावलेल्या नात्याचे प्रतीक, संपले. वाजवण्याची क्रिया कुणाची होती हा प्रश्न पडत नाही. प्रतीक चित्रपटातही दाखवता येते. हाताला झालेली सवय आणि तिचा भंग चित्रपटाला दाखवता येणार नाही.

कुणी म्हणेल, तुमची तक्रार निवड नसल्याची आहे. मग ज्या खेळांत निवड असते ते श्रेष्ठ मानायचे का? मुळीच नाही. 'शॅडो ऑफ द कोलॉसस' हा फुमितो उएदा यांचा जुना खेळ घ्या. तो २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला आणि २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी नव्याने घडवला गेला. एका मृत मुलीला परत आणण्यासाठी एक तरुण सोळा महाकाय प्राण्यांना मारतो. गावे नाहीत, किरकोळ शत्रू नाहीत. ओसाड माळ, एक घोडा आणि ते सोळा जीव. इथेही दुसरा मार्ग नाही. खेळ पुढे न्यायचा तर मारावेच लागते. पण तेरावा महाकाय आठवा. वाळवंटावर तो आकाशात लांबच लांब तरंगत असतो आणि आपल्यावर एकदाही हल्ला करीत नाही. त्याला खाली आणायचे तर घोडा दौडवत, नेम धरून, त्याच्या पोटाखालच्या हवेच्या पिशव्या बाणांनी फोडाव्या लागतात. मग धावत्या घोड्यावरून त्याच्या पंखावर झेप घ्यायची, पकड सुटू नये म्हणून बटण दाबून धरायचे, केसांना लोंबकळत मर्मस्थान शोधायचे. हे सारे आपण शोधून काढतो, चुकतो, पुन्हा करतो, आणि जमले की आनंदतो. तो प्राणी कोसळतो तेव्हा विजयाचे नगारे वाजत नाहीत, शोकाचे संगीत वाजते. आनंद आपला आणि शोकही आपला. इथे अपराधभाव येतो, कारण डोके आणि हात आपण खर्ची घातलेले असतात. नोराच्या प्रसंगात आपण काहीच खर्ची घातलेले नसते. तेव्हा निवड आहे की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. कृतीला वजन आहे की नाही, हे पाहावे.

आता हे मराठीच्या विद्यार्थ्याला नवे वाटायला नको. बा. सी. मर्ढेकरांनी आपल्याला एक प्रश्न शिकवला: या कलेचे माध्यम कोणते? साहित्याचे माध्यम शब्द नव्हे तर भावनात्मक अर्थ, हे त्यांचे उत्तर पटो वा न पटो (रा. भा. पाटणकरांपासून अनेकांनी त्याची चिकित्सा केलेली आहे), प्रश्न मात्र टाळता येत नाही. व्हिडिओ गेमचे माध्यम चित्र नव्हे, संवाद नव्हेत, कथाही नव्हे. या सर्व गोष्टी तिथे असतात, जशी नाटकात सुतारकामाची मांडणी असते. नियमांच्या चौकटीत, प्रतिकाराविरुद्ध खेळणाऱ्याने केलेली कृती हे त्याचे माध्यम आहे, असे मी म्हणेन. हे उत्तर कुणी खोडून काढले तर आनंदच आहे. पण प्रश्नच न विचारता 'कादंबरीच्या तोडीचा' म्हणून मोकळे होणे, याला समीक्षा म्हणता येत नाही.

आपण हीच चूक पूर्वी केलेली आहे. नाटक हा वाङ्मयप्रकार मानून आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याची संहिता तेवढी शिकवली. १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलेले 'संगीत शाकुंतल' आपण वर्गात वाचतो ते अनुवाद म्हणून. त्यातली पदे 'वाचतो'. अण्णासाहेब किर्लोस्करांनी जे केले ते मुख्यतः त्या पदांत आणि पात्रांनी स्वतः ती गाण्यात होते. प्रयोग वगळून केलेली नाट्यसमीक्षा किती पांगळी होते, हे आपल्याला उशिरा का होईना कळले. मग खेळणे वगळून केलेली खेळाची समीक्षा आपण पुन्हा आयात का करावी?

दुसऱ्या टोकाला आमचे काही ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांच्या मते हा सगळाच पोरखेळ. त्यांना मी रॉजर ईबर्ट या अमेरिकी चित्रपटसमीक्षकाची गोष्ट सांगतो. व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकत नाहीत, असे त्यांनी एप्रिल २०१० मध्ये ठासून लिहिले. त्यावर प्रतिक्रियांचा पाऊस पडला. जुलैमध्ये त्यांनी, मत न सोडता, कबूल केले की खेळ खेळायची तयारी नसताना आपण या विषयावर बोलायला नको होते. एवढा प्रामाणिकपणा आमच्या स्टाफरूममध्ये दुर्मीळ आहे. पण ईबर्टना उत्तर देण्याच्या नादात खेळांच्या कैवाऱ्यांनीही एक घोटाळा केला. कला सिद्ध करायची म्हणून त्यांनी प्रतिष्ठित कलांशी नाते दाखवायला सुरुवात केली. जो खेळ अधिक चित्रपटासारखा तो अधिक प्रौढ, असे एक समीकरण बनले. २०१८ च्या 'रेड डेड रिडेम्प्शन टू'ला मिळालेली स्तुती वाचा: क्षयाने खंगत जाणारा आर्थर मॉर्गन, अस्तंगत होणारा पश्चिम, कादंबरीसारखा विस्तार. सगळे खरे. मात्र त्या अफाट मुक्त जगात एखादी कामगिरी हाती घेतली आणि लेखकाने आखलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलात की कामगिरी फसली असे जाहीर होते आणि तुम्हाला मागे आणून सोडले जाते. स्वातंत्र्याविषयीच्या कथेत खेळणाऱ्याला इतके करकचून बांधलेले असणे, हा समीक्षेचा पहिला मुद्दा व्हायला हवा होता. काहींनी तो मांडलाही. पण ९७ गुणांच्या गजरात तो ऐकू आला नाही.

गुणांचे निघालेच आहे तर तेही बोलून टाकू. मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ २००१ पासून परीक्षकांच्या मतांचे शंभरांत रूपांतर करून सरासरी काढते. 'लास्ट ऑफ अस'ला ९३. 'एल्डन रिंग'ला ९६. 'फॉलआउट: न्यू व्हेगस'ला २०१० मध्ये ८४ मिळाले, आणि ८५ ची अट असल्यामुळे ते करणाऱ्या कंपनीचे बक्षीस एका गुणाने हुकले, हे तिच्याच एका लेखकाने पुढे सांगितले. मराठीत आपण परीक्षण आणि समीक्षा हे दोन शब्द वेगळे ठेवतो ते उगाच नव्हे. माल घ्यावा की नाही ते परीक्षण सांगते. तेही धड सांगितले जात नाही, याचे उदाहरण 'सायबरपंक २०७७'. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्धीपूर्वी परीक्षकांना फक्त संगणकावरची आवृत्ती देण्यात आली. त्यांनी नव्वदीच्या घरात गुण दिले. जुन्या कन्सोलवर तो खेळ इतका मोडका निघाला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला. दुसरीकडे 'लास्ट ऑफ अस'वर चिडलेल्यांनी, खेळ पुरा होण्याइतका वेळ जाण्याआधीच शून्याचा पाऊस पाडला. शेवटी मेटाक्रिटिकला सामान्य खेळाडूंच्या मतांसाठी छत्तीस तासांची वाट बघण्याची अट घालावी लागली. ॲबीला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीला तर ठार मारण्याच्या धमक्या आल्या. ९३ म्हणणारे आणि शून्य म्हणणारे यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघेही कथेलाच गुण देत होते: एकाला जोएलचे मरण पटले, दुसऱ्याला नाही. गिटारच्या तारांकडे दोघांचेही लक्ष नव्हते.

असो. मी त्या विद्यार्थ्याला परत बोलावले. गुण बदलता येणार नव्हते, तसे मी त्याला आधीच सांगून टाकले. मग गिटारच्या प्रसंगाविषयी विचारले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, तिथे मी तीनदा पुन्हा वाजवून बघितलं. मला वाटलं, माझंच चुकतंय."

"मग हे निबंधात का नाही लिहिलंस?"

"असं लिहायचं असतं हे माहीत नव्हतं, सर. 'मला वाटलं' असं लिहू नये म्हणून तुम्हीच सांगितलं होतं."

पुढच्या सत्रात कन्सोल वर्गात आणावा असा अर्ज मी विभागप्रमुखांकडे दिला आहे. त्यांनी तो वाचला, आणि विजेचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा अशी विचारणा केली आहे.