स्तनाग्रातील स्राव अंगावर काढू नका

आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक अर्ज भरतात. तंबाखू, दारू, पोटाचा घेर अशा प्रश्नांसोबत त्यात महिलांसाठी एक प्रश्न असतो : स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव होतो का? सेलू तालुक्यातल्या एखाद्या घरी हा प्रश्न सासू-शेजारणींसमोर विचारला, तर खरे उत्तर मिळणे कठीणच. तो एकांतात विचारला गेला पाहिजे.

प्रत्येक स्राव म्हणजे कर्करोग नव्हे. दोन्ही बाजूंनी येणारा दुधाळ स्राव अनेकदा संप्रेरकांमुळे किंवा एखाद्या औषधामुळे असतो. मात्र एकाच स्तनातून, एकाच छिद्रातून, न दाबता येणारा पाण्यासारखा किंवा रक्ताळ स्राव तपासलाच पाहिजे. त्यामागे बहुधा दूधनलिकेतील साधी गाठ, म्हणजे पॅपिलोमा असते. काहींमध्ये मात्र सुरुवातीचा कर्करोग निघतो.

पहिल्या तपासण्या मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी. नलिकेतील बारीक गाठ त्यांतून निसटू शकते. ‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून बाई घरी परतते. स्राव सुरूच राहतो. अशा वेळी कॉन्ट्रास्ट तपासणी उपयोगी पडते. शिरेतून दिलेले औषध गाठीतील नव्या रक्तवाहिन्यांतून झिरपते आणि ती जागा चित्रात उजळते. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम वापरतात, कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीत आयोडीनयुक्त औषध. दुसरी तपासणी काही मिनिटांत होते आणि पेसमेकर असलेल्या किंवा बंद यंत्राची भीती वाटणाऱ्या रुग्णालाही करता येते. मूत्रपिंडाचा आजार, औषधाची अॅलर्जी किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. उजळलेली प्रत्येक जागा कर्करोग नसते. शेवटचा निर्णय बायोप्सीचाच.

ही महागडी तपासणी सरसकट सगळ्यांची करा, असे आमचे म्हणणे नाही. पण संशयास्पद स्राव असताना पहिला रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून फाईल बंद होता कामा नये. सेलूच्या डॉक्टरांनी सेवाग्राम किंवा सावंगीला पाठवताना चिठ्ठीवर कोणता स्तन, कोणता रंग, किती दिवसांपासून आणि आधी कोणत्या तपासण्या झाल्या, एवढे लिहिले तरी पुढचे काम सोपे होते. आणि बहिणींनो, कपाशीची वेचणी आटोपल्यावर पाहू, असे म्हणू नका. वेचणी दरवर्षी येते. लवकर निदानाची संधी तशी परत येत नाही.