वार ठरला की मंडळ टिकते

सागरगोटे वर उडवून झेलणे मराठी घरांना नवे नाही. तीन चेंडू आळीपाळीने झेलण्याची कला ही त्याच खेळाची थोरली बहीण होय. अमेरिकेत या कलावंतांची आंतरराष्ट्रीय संघटना १९४७ साली स्थापन झाली. शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी असे मंडळ उभारण्यास भांडवल नाममात्र लागते. जुन्या कापडाच्या पिशव्यांत चिंचोके भरून शिवलेले चेंडू पडले तरी घरंगळत नाहीत. आरंभ एका चेंडूने करावा. दोन घेतल्यावर पहिला शिखरावर पोचताच दुसरा सोडावा. आजोबा आणि नातू येथे सारखेच नवशिके असतात, हीच या खेळाची खरी मिळकत.

कठीण असते ते सातत्य. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधनात तीन महिन्यांच्या सरावाने मेंदूच्या काही भागांत वाढ आढळली. सराव थांबताच ती ओसरू लागली. मंडळाचेही तसेच आहे. वारंवार बंद दिसणाऱ्या दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. म्हणून वार पक्का ठरवावा. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांसाठी सकाळची वेळ ठेवावी, आणि दोघेच आले तरी बैठक भरवावी.