मधला सेकंद कोणी खाल्ला?



जयंतीची मिरवणूक वेशीजवळ आली आणि समोरच्या गर्दीतून दगड आला. आमच्या एका पोराचे कपाळ फुटले. तरी आम्हाला एक भरवसा होता. वर ड्रोन फिरत होता, म्हणजे सगळे रेकॉर्ड झाले असणार. फिर्याद द्यायला गेलो तेव्हा ठाण्यातल्या साहेबांनी व्हिडिओ पाहिला. पहिल्या फाईलच्या शेवटी एक माणूस हात मागे नेतो. दुसऱ्या फाईलच्या सुरुवातीला पोरगा कपाळ धरून खाली बसलेला. मधला साधारण एक सेकंद गायब. साहेब म्हणाले, "मधला भाग तुम्हीच कापलाय. तुमच्या पोरांनी आधी काय केलं ते लपवताय."

फिर्यादीचा आरोपी व्हायला एवढे पुरते. म्हणून हा सेकंद कोणी खाल्ला ते आम्ही आज सांगणार आहोत.

ड्रोनचा कॅमेरा लांब रेकॉर्डिंग एका फाईलमध्ये ठेवत नाही, चार जीबीच्या आसपास तिचा तुकडा पाडतो. हे दुखणे १९९६ सालच्या फॅट३२ या पद्धतीचे आहे. तिच्यात फाईलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे, त्यामुळे चार जीबीपेक्षा मोठी फाईल तिच्यात मावत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने फोर-के रेकॉर्डिंग केले तर चार जीबी साडेपाच-पावणेसहा मिनिटांत भरतात. मग कॅमेऱ्याला जुनी फाईल बंद करायची, तिची अनुक्रमणिका लिहायची आणि नवी फाईल उघडायची असते. तेवढ्या वेळात येणारी चित्रे तात्पुरत्या मेमरीत थांबतात. मेमरी अपुरी पडली किंवा कार्ड संथ असले तर मधल्या फ्रेम पडतात. ३० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक सेकंद गेला म्हणजे ३० चित्रे गेली. दगड हातातून सुटून कपाळाला लागायला एवढा वेळ पुष्कळ झाला.

हे टाळता येत नाही असे मुळीच नाही. मोठी फाईल मावणारी एक्सफॅट पद्धत २००६ सालीच आली. ३२ जीबीच्या वरच्या कार्डांसाठी तीच प्रमाण पद्धत आहे. तुकडे पाडूनही फ्रेम न गमावणारे कॅमेरे बाजारात आहेत. तरीही काही कंपन्या जुनीच मर्यादा पुढे ओढतात, कारण त्यांच्या हिशेबात गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचा फोटोग्राफर. लग्नात एक सेकंद गेला तर गाणे टाकून झाकता येतो. आमच्या वस्तीत तोच सेकंद पुरावा असतो.

आता साहेबांच्या आरोपाकडे येऊ. माणूस कापतो तेव्हा प्रसंग पाहून कापतो. यंत्र कापते तेव्हा आकडा पाहून कापते. पहिली फाईल चार जीबीजवळ संपली आहे, दुसरीचा क्रमांक लगेच पुढचा आहे आणि त्याच रेकॉर्डिंगचे आधीचे तुकडेही तेवढ्याच आकाराचे आहेत. मग कापणारा कोण, हे शाळकरी पोरही सांगेल. पण तपासायचेच नसेल तर? सरकारी कॅमेरा बंद पडला की तो "तांत्रिक बिघाड" असतो. आमच्या कॅमेऱ्याची एक फ्रेम पडली की ती "छेडछाड" असते. यंत्र दोघांचे सारखेच, संशय मात्र जात पाहून घेतला जातो. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ(१०) मध्ये या गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे चित्रीकरण करण्याची सक्ती आहे. आमच्या एका सेकंदाचा हिशेब मागणाऱ्यांनी त्या अख्ख्या चित्रीकरणाचा हिशेब कधी दिला आहे?

मात्र बांधवांनो, दोष फक्त समोरच्यांचा नाही. आमच्या ड्रोनवाल्या पोराने त्याच रात्री दोन्ही फाईली जोडल्या, वर डीजेचे गाणे चढवले आणि स्टेटसला टाकल्या. दुसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती म्हणून कार्ड फॉरमॅट केले. आकार, क्रमांक, वेळ अशी यंत्राची साक्ष आम्हीच पुसली. साहेबांच्या हातात आम्ही दिले ते गाण्याचे व्हिडिओ आणि पेनड्राइव्हवरची नक्कल. उत्साह होता, शिस्त नव्हती.

कायदा काय मागतो ते पाहा. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात वाद व्हिडिओ रेकॉर्डिंगचाच होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, लिहावा लागतो. दोन फाईली जोडल्या की ठसा बदलतो. म्हणजे फट बुजवायला गेलो आणि पुरावाच संशयित करून बसलो.

आणखी एक गोष्ट. बहुतेक ड्रोन आवाज रेकॉर्ड करत नाहीत. सार्वजनिक दृष्टीच्या टप्प्यात जातिवाचक शिवी दिली, हे कलम ३(१)(स) साठी सिद्ध करायचे असते. आकाशातून शिवी दिसत नाही. जमिनीवर मोबाईल धरलेली माणसे लागतातच.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. एका ड्रोनवर विसंबू नका. खाली किमान दोन मोबाईल ठेवा आणि ते वेगवेगळ्या वेळी सुरू करा, म्हणजे सगळ्यांचे तुकडे एकाच क्षणी पडणार नाहीत. रेकॉर्डिंग फोर-केऐवजी कमी दर्जावर ठेवा, तुकडे उशिरा पडतील. गर्दी शांत असताना स्वतःहून थांबवून पुन्हा सुरू करा. वेळ आणि ठिकाण नोंदवणारी उपशीर्षकांची सोय असेल तर ती चालू ठेवा. घटना घडली की कार्ड काढा, पाकिटात सील करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. हॅश त्याच दिवशी काढा. गाणे नंतर, तेही नकलेवर. आणि फट असेल तर ती आपणच आधी जबाबात लिहून द्या. समोरच्याने दाखवलेली फट आपल्याला खोटे ठरवते, आपण दाखवलेली ठरवत नाही.

"हे तांत्रिक काम चळवळीचे नाही," असे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी महाड आठवावे. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले. पण कोर्टातला निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे बाबासाहेब कागद, साक्षी, तारखा घेऊन लढले आणि सवर्णांना आपली "अनादी वहिवाट" सिद्ध करता आली नाही. सत्याग्रहाइतकेच ते कामही चळवळीचेच होते.

पुढच्या १४ एप्रिलला निळा झेंडा घेणारे हात हजारो असतील. कार्ड सांभाळणारे दोन हात आजच ठरवा.

जय भीम! जय संविधान!