घरचा डबा ‘बाहेरचा’ कसा ठरला?

मराठीत ‘बाहेरचे खाणे’ म्हणजे हॉटेलातले खाणे. घरच्या चुलीवर शिजलेल्या अन्नाला कोणी बाहेरचे म्हणत नाही. चेन्नईच्या दक्षिणेला असलेल्या एका करमणूक उद्यानाच्या दारात मात्र या शब्दांचा अर्थ उलटा झालेला मी गेल्या मे महिन्यात पाहिला. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई आहे, असा फलक तेथे तमिळ व इंग्रजीत लावला होता. त्या फलकाखाली पिशवीतून काढून टेबलावर मांडलेले पदार्थ कोणते होते? दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात. पहाटे चार वाजता उठून घरच्या बाईने केलेले. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला शब्दांचे असे घात रोजच दिसतात. पण त्यांची किंमत कोणाला रोख रुपयांत मोजावी लागल्याचे क्वचितच दिसते.

डबा सौकारपेठेत गलाईचे काम करणाऱ्या एका कुटुंबाचा होता व मी त्यांचा पाहुणा होतो. खानापूर-आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त दक्षिणेत गावोगाव पसरली आहेत, हे सांगली जिल्ह्यातील वाचकांना सांगायला नको. वर्षभर भट्टीच्या धगीत काम करायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस मुलांना पाण्यात खेळायला न्यायचे, एवढीच या कुटुंबाची चैन. तिकिटांचे पैसे त्यांनी आधीपासून बाजूला काढून ठेवले होते. जेवणाचा खर्च धरलाच नव्हता, कारण जेवण सोबत होते. वहिनींनी सफाईदार तमिळमध्ये रक्षकाशी वाद घातला. मला त्यातले निम्मेच कळले. रक्षकाचे म्हणणे एवढेच, की डबा आत सोडला तर माझी नोकरी जाईल. त्याचा स्वतःचा स्टीलचा डबा त्याच टेबलाखाली होता. “भाऊजी, तुम्ही लिहिता ना? मग हे लिहा,” असे म्हणून वहिनींनी झाकण लावले.

आत पाच जणांच्या वाट्याला दोन ताटल्या फ्राइड राइस आला. तो मुलांनी खाल्ला. आईबापांनी भूक नसल्याचे सांगितले.

मनाईचे समर्थन स्वच्छतेच्या नावाने केले जाते, आणि ते सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पाण्याच्या कुंडात भाताची शिते तरंगावीत असे कोणालाच वाटणार नाही. पण शिते उद्यानातल्या फ्राइड राइसचीही असतात! जेवायला वेगळी शेड ठेवली की हा प्रश्न मिटतो. ती न ठेवण्याचे कारण स्वच्छतेत शोधून सापडणार नाही. भिंतीच्या आत दुसरा विक्रेता नाही आणि दुपारी दोन वाजता भुकेल्या मुलाला घेऊन कोणी भाव करीत बसत नाही, या हिशेबातच ते शोधले पाहिजे.

कायद्याचा आधार म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निकालाकडे बोट दाखविले जाते. त्या निकालाने चित्रपटगृहाच्या मालकांना बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याची मुभा दिली, हे खरे. परंतु पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांना पुरेसे अन्न नेऊ दिले पाहिजे, हेही त्याच प्रकरणात नमूद झाले. शिवाय तो वाद चित्रपटगृहांचा होता. तीन तासांचा चित्रपट उपाशी पोटी पाहता येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यात डुंबणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला तोच न्याय कसा लावायचा?

आणि हे घडते कोणत्या शहरात? १९२० साली थाउजंड लाइट्समधील आपल्या शाळेत मुलांना दुपारचे जेवण देण्याचे ठरविणारी महापालिका याच शहराची. १९५६ साली कामराज यांनी शाळेतील जेवणाची योजना राज्यभर नेण्यास प्रारंभ केला, १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ती वाढविली. फेब्रुवारी २०१३ मध्ये जयललितांच्या सरकारने येथेच ‘अम्मा उणवगम’ सुरू केले: एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात, तीन रुपयांना दहीभात, आणि रांधणाऱ्या बचत गटांच्या स्त्रिया. या उपक्रमात सत्ताधाऱ्यांच्या छायाचित्रांचा सोस होता, पण इडली खरी होती. हमाल आणि रिक्षावाला ती खात, तशीच रुग्णालयात आलेल्या माणसाची बायकोही. स्वस्त अन्न ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे ज्या शहराने शंभर वर्षांपूर्वी ओळखले, त्याच्या वेशीवर घरचा दहीभात अडविला जातो.

ज्यांना याच सुट्टीत जायचे आहे, त्यांनी नियम बदलण्याची वाट पाहू नये. सकाळी निघण्यापूर्वी पोंगल किंवा इडली पोटभर खावी. पोंगल तुपाचा व जड, दुपारपर्यंत पुरतो. बाहेर पडून पुन्हा आत येता येते का, हे तिकीट काढण्याआधी विचारावे. येत असेल तर डबा गाडीत ठेवावा, आणि त्यात दहीभाताऐवजी चिंचेचा पुळियोदरै न्यावा. तो उन्हात टिकतो. आत घ्यावेच लागले तर फुटकळ तळण घेण्यापेक्षा भाताचे एकच मोठे ताट वाटून घेतलेले परवडते. पाण्याच्या बाटलीवरची छापील किंमत वाचून मगच पैसे द्यावेत. एकाच वस्तूवर दोन निरनिराळ्या कमाल किमती छापण्यास २०१८ पासून नियमाने बंदी आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

पण हे सारे अडचणीतून काढलेले मार्ग झाले. उद्यानांना परवाना देणाऱ्या यंत्रणेने परवान्यातच जेवणाच्या शेडची आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांची अट घातली पाहिजे, अशी मागणी ग्राहक संघटनांनी आणि कामगार संघटनांनी लावून धरावी. सहलीला येणाऱ्या माणसांत त्यांचेही सभासद असतात.

संध्याकाळी रक्षकाने डबा परत दिला. दहीभात आंबून गेला होता. दशम्या मात्र शाबूत होत्या. बेझंट नगरच्या वाळूत बसून, सुंडलच्या दोन पुड्यांबरोबर, आम्ही त्या संपविल्या. या वेळी वहिनींनीही भूक असल्याचे कबूल केले.