पान तयार करण्याचा खर्च कुणी सोसायचा?

वेबसाइटचं पान तयार करायला काम पडतं. डेटाबेसमधून माहिती काढायची, ती साच्यात बसवायची, तिचं एचटीएमएल बनवायचं आणि मग ब्राउझरने ते पडद्यावर उमटवायचं. यातलं साच्यात बसवण्याचं काम कंपनीच्या सर्व्हरने करायचं की वाचणाऱ्याच्या फोनने, हे प्रत्येक टीमला कधी ना कधी ठरवावं लागतं. अशा बैठकांमध्ये चर्चा होते ती टीमला कुठलं फ्रेमवर्क येतं आणि कशासाठी माणसं लवकर मिळतात याचीच. मला मात्र एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: खर्च कोण सोसणार? सर्व्हरचं भाडं कंपनी भरते. फोनची बॅटरी, डेटा आणि वेळ वाचणाऱ्याचा जातो आणि त्याला त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं.

ट्विटरने हा धडा सगळ्यांसमोर घेतला. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी वेबसाइटची नवी रचना आणली, तिच्यात सगळं रेंडरिंग, म्हणजे साच्यात बसवण्याचं काम, ब्राउझरमध्ये व्हायचं. सर्व्हरकडून जवळपास रिकामं पान यायचं, मग जावास्क्रिप्ट उतरायचं, ते चालू व्हायचं, ते पुन्हा सर्व्हरकडे ट्वीट मागायचं आणि तेव्हा कुठे पहिली ओळ दिसायची. त्या काळात ट्विटरच्या पत्त्यांत हॅश आणि उद्गारचिन्ह असायचं, ते आठवत असेल. पत्त्यातला हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. म्हणजे कुणाचं पान हवं आहे हे सर्व्हरला कळायलाच मार्ग नव्हता, मग तो बिचारा आधी काय तयार ठेवणार? मे २०१२ मध्ये ट्विटरच्या इंजिनिअरांनी रेंडरिंग परत सर्व्हरवर नेल्याचं जाहीर केलं. पहिलं ट्वीट दिसायला लागणारा वेळ आधीच्या एक पंचमांशावर आला, असं त्यांनीच सांगितलं.

सर्व्हरवर पान तयार करण्यात नवं काहीच नाही. पीएचपी, जेएसपी, रेल्स ही मंडळी पहिल्यापासून तेच करत आली. पण २००४ मध्ये जीमेल आलं, पुढच्या वर्षी गूगल मॅप्स आलं, आणि पान पुन्हा लोड न होता त्यातला एखादा भाग बदलतो हे लोकांनी पाहिलं. नकाशा माउसने धरून सरकवता येतो हे एकदा कळल्यावर कुणाला मागे जायचं नव्हतं, आणि ते योग्यच होतं. अडचण निर्माण झाली ती टीममध्ये. एकच गोष्ट दोनदा लिहावी लागू लागली. वस्तूची किंमत कशी दाखवायची, सूट कुठे लिहायची, साठा संपला तर बटण कसं फिकं करायचं हे नियम एकदा सर्व्हरवर जावात किंवा रुबीत आणि दुसऱ्यांदा ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये. सहा महिन्यांनी कुणीतरी एका बाजूला बदल करतो, दुसरीकडे करायचा राहतो, आणि पहिल्यांदा पान उघडल्यावर एक किंमत, फिल्टर लावल्यावर दुसरी किंमत. ज्यांनी त्या काळात दुकानाच्या वेबसाइटवर काम केलं आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको.

२००९ मध्ये रायन डाल यांनी नोड तयार केलं, क्रोमचं जावास्क्रिप्ट इंजिन सर्व्हरवर चालू लागलं, आणि एकच कोड दोन्हीकडे चालवण्याची कल्पना व्यवहारात आली. एअरबीएनबीच्या स्पाइक ब्रेम यांनी २०१३ मध्ये या पद्धतीची बाजू जाहीरपणे मांडली. त्यांच्या टीमने आपल्या मोबाइल वेबसाइटसाठी बांधलेली लायब्ररीही खुली केली. त्याच वर्षी फेसबुकने पान रचण्याचं आपलं साधन रिअ‍ॅक्ट खुलं केलं. रिअ‍ॅक्टचा कंपोनंट, म्हणजे पानाचा एक तुकडा, थेट पडद्याला हात लावत नाही, तो फक्त ‘असं दिसायला हवं’ एवढं वर्णन परत देतो. त्या वर्णनाचा पडद्यावर वापर करा किंवा सर्व्हरवर त्याची एचटीएमएलची लांबलचक ओळ बनवा, कंपोनंटला फरक पडत नाही. २०१६ मध्ये नेक्स्ट जेएस हे फ्रेमवर्क आलं आणि हे सगळं जुळवण्याचा त्रास त्याने स्वतःकडे घेतला. आज नवा प्रकल्प सुरू करणारी मुलं पहिल्या दिवसापासून हे सर्व्हर आणि ब्राउझर अशा दोन्हीकडचं दुहेरी रेंडरिंग वापरतात. ते काय आहे हे त्यातल्या अनेकांना माहीत नसतं, याची मला काळजी वाटते.

कारण खर्च संपलेला नाही, त्याचं ठिकाण बदललं आहे. सर्व्हरने तयार एचटीएमएल पाठवलं, ते फोनवर लगेच दिसलं, इथवर सगळं छान. पण त्या पानावरची बटणं अजून निर्जीव असतात. त्यांच्यात जीव आणायला तोच सगळा कोड फोनवर उतरतो, तोच साचा पुन्हा एकदा चालवतो, निघालेलं उत्तर समोरच्या पानाशी ताडून पाहतो आणि मग एकेका बटणाला त्याचं काम जोडतो. याला हायड्रेशन म्हणतात. फ्लॅटचा ताबा मिळाला, पंखे बसवलेत, दिवे बसवलेत, पण विजेचं मीटर यायचं आहे, अशी मधल्या काळातली अवस्था. नव्या महागड्या फोनवर हा काळ जाणवत नाही. चार-पाच वर्षं वापरलेल्या स्वस्त अँड्रॉइडवर तो चांगलाच जाणवतो. माणूस ‘अर्ज करा’ दाबतो, काही होत नाही, पुन्हा दाबतो, आणि मग दोन्ही वेळचं दाबणं एकदम लागू होतं नाहीतर एकही होत नाही. रिकामं पान आणि फिरणारं चाक निदान थांबायला तरी सांगतं. इथे पान तयार असल्याचं दिसतं आणि माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

यात डेटाचाही भुर्दंड आहे. दुहेरी रेंडरिंग करणाऱ्या एखाद्या बातमीच्या पानाचा सोर्स उघडून पाहा. वरती बातमी एचटीएमएलमध्ये असते. खाली पानाच्या शेवटाकडे तीच बातमी प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या जेसनच्या रूपात पुन्हा छापलेली असते, कारण फोनवर साचा चालवायला मूळ माहिती लागते. शिवाय तो साचा स्वतः जावास्क्रिप्टच्या बंडलमध्ये येतोच. ज्या बातमीचं वाचण्यापलीकडे काही करायचं नाही, तिच्यासाठी ही तीन पदरी पाठवणी कशाला?

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एका ठिकाणी थांबायला हवं. हायड्रेशनची अट अशी की सर्व्हरवरचं उत्तर आणि फोनवरचं उत्तर अक्षरशः एकच निघालं पाहिजे. आता एक रक्कम घ्या, सव्वा लाख. ती मराठी पद्धतीने दाखवायला ब्राउझरला सांगितलं की तो ‘१,२५,०००’ असं लिहितो, देवनागरी आकड्यांत, स्वल्पविराम लाखाच्या जागी. नोडच्या १२व्या आवृत्तीपर्यंत नेहमीच्या डाउनलोडमध्ये फक्त इंग्रजीचा भाषाडेटा असायचा. त्यामुळे तीच ओळ सर्व्हरवर चालली की रोमन आकडे, स्वल्पविराम हजाराच्या जागी, अमेरिकी थाटात. कोड एकच, उत्तरं दोन. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून सगळ्या भाषांचा डेटा सोबत येऊ लागला आणि हा त्रास कमी झाला. पुरता मिटला नाही, कारण सर्व्हरवरच्या भाषाडेटाची आवृत्ती आणि वाचणाऱ्याच्या ब्राउझरमधली आवृत्ती वेगळी असू शकते. एका आवृत्तीत इंग्रजी वेळेतल्या ‘पीएम’च्या आधीची साधी मोकळी जागा बदलून अरुंद मोकळी जागा आली. डोळ्याला फरक दिसत नाही, पण ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला दिसतो.

तारखेचं तर विचारूच नका. क्लाउडमधले सर्व्हर बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस असतो. बाजार समितीचे भाव पहाटे पाचला बघणाऱ्या शेतकऱ्यासमोर सर्व्हरने बनवलेलं पान कालची तारीख घेऊन उघडतं, आणि क्षणभराने फोनवरचा कोड म्हणतो, आज तर पुढची तारीख आहे. दोन्ही उत्तरं जुळत नाहीत म्हटल्यावर रिअ‍ॅक्टची अलीकडची आवृत्ती तेवढा भाग, कधी कधी अख्खं पान, टाकून देते आणि फोनवर पहिल्यापासून बनवते. म्हणजे सर्व्हरची मेहनत वाया आणि फोनची दुप्पट. उपाय साधा आहे: वेळ दाखवताना ‘एशिया/कोलकाता’ हा विभाग दोन्हीकडे स्पष्ट लिहायचा, आणि ‘आत्ता किती वाजले’ हे एकदाच सर्व्हरवर ठरवून तेच उत्तर फोनकडे पाठवायचं. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ टीम उत्तरं न जुळल्याची सूचना गप्प करणारा पर्याय चिकटवतात आणि पुढे जातात. मला हे बिलकुल पटत नाही. आपली दोन उत्तरं वेगवेगळी येताहेत, हे ती सूचना सांगत असते.

उलट बाजूने, ब्राउझरसाठी लिहिण्याची सवय घेऊन सर्व्हरवर आलेल्यांना वेगळे धोके आहेत. ‘विंडो इज नॉट डिफाइन्ड’ ही चूक सगळ्यांना भेटते. सर्व्हरवर खिडकी नसते, पडदा नसतो, लोकल स्टोरेज नसतं. ही चूक बरी, कारण ती लगेच ओरडते. न ओरडणारी चूक जास्त वाईट. ब्राउझरमध्ये एका पानाचा एकच मालक असतो, म्हणून ‘सध्याचा वापरकर्ता’ असं फाइलच्या वरच्या बाजूला ठेवलेलं व्हेरिएबल कुणाचं काही बिघडवत नाही. सर्व्हरवर तीच फाइल एकदाच लोड होते आणि हजारो लोकांच्या विनंत्या त्याच प्रोसेसमधून जातात. एकाचं नाव तिथे लिहिलं जातं, त्याचं पान पूर्ण होण्याआधी दुसऱ्याची विनंती येते, आणि दुसऱ्याला पहिल्याच्या खात्यातली माहिती दिसते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर हे कधीच घडत नाही, कारण तिथे तो एकटाच असतो.

मघाशी म्हटलेल्या पानाखालच्या जेसनमध्येही हेच. डेटाबेसमधली ग्राहकाची अख्खी नोंद कंपोनंटला दिली, पडद्यावर फक्त नाव दाखवलं, तरी मोबाइल नंबर आणि पत्ता त्या जेसनमधून पानाबरोबर बाहेर गेलेला असतो. बाहेर जाणाऱ्या माहितीइतकाच आत येणाऱ्या माहितीचाही धोका असतो. डिसेंबर २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये, म्हणजे सर्व्हरवरच चालणाऱ्या तुकड्यांमध्ये, एक भगदाड उघड झालं. लॉगिन न करता, एका विनंतीतून, परका माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. गांभीर्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळाले. फोनकडून आलेली माहिती उलगडताना सर्व्हरने तिच्यावर नको इतका विश्वास ठेवला, हे त्यामागचं कारण. कोड एकाच फाइलीत लिहिता येतो म्हणून दोन यंत्रांमधली सीमा पुसली जात नाही.

इतकं असूनही मी या पद्धतीच्या बाजूने आहे. वाचायचं पान तयार होऊनच आलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकल्यावर खाली दिसणारं चित्र आणि मथळा सर्व्हरकडून आलेल्या एचटीएमएलमधूनच उचलला जातो. जावास्क्रिप्ट चालवून बघायला तिथे कुणी थांबत नाही. मराठी बातम्या आज ज्या वाटेने फिरतात ती वाट हीच. माझं म्हणणं हायड्रेशन कुठे करायचं एवढ्यापुरतं आहे. अ‍ॅस्ट्रोसारखी फ्रेमवर्क पान साधं एचटीएमएल म्हणून पाठवतात आणि त्यातल्या हलत्या-बोलत्या तुकड्यांपुरतंच जावास्क्रिप्ट उतरवतात. जेसन मिलर यांनी २०२० मध्ये या रचनेला बेटांची उपमा देऊन ती नीट मांडली होती. रिअ‍ॅक्टचे सर्व्हर कंपोनंट्स त्याच दिशेचे, वरच्या भगदाडासकट. ऑफिसातल्या दहा जणांसाठी दिवसभर उघडा राहणारा डॅशबोर्ड असेल तर सर्व्हर रेंडरिंगच्या भानगडीत पडूच नये. तिथे सगळं ब्राउझरमध्ये केलं तरी कुणाचं नुकसान नाही.

दहावी-बारावीच्या निकालाचं उदाहरण घ्या. एका दुपारी, एकाच वेळी, लाखो मुलं एकच पान उघडतात. अशा वेळी ‘सर्व्हरवर ताण नको, फोनलाच रेंडर करू दे’ हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तो तपासून पाहा. फोनने रेंडर केलं तरी गुण डेटाबेसमधूनच मागवावे लागतात, म्हणजे विनंती सर्व्हरकडे येतेच. सर्व्हरला जड जातं ते गुण शोधणं, आणि निकाल जाहीर झाल्यावर दिवसभरात बदलत नसल्याने ते आधीच करून ठेवता येतं. सात-आठ ओळींचा तक्ता साच्यात बसवणं हे त्यापुढे काहीच नाही. उलट जड बंडल पाठवलं तर तेच लाखो फोनवर उतरणार, तेही गावाकडच्या एकाच टॉवरवर सगळे तुटून पडलेले असताना. अशा पानासाठी निविदा काढणाऱ्यांनी तिच्यात एक अट घालावी: बैठक क्रमांक भरायचा फॉर्म एचटीएमएलचा साधा फॉर्म असावा, जावास्क्रिप्ट उतरायच्या आधीसुद्धा त्याचं बटण चालावं, आणि गुणांचा तक्ता सर्व्हरकडून तयार यावा. पान स्वीकारण्याआधी ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट बंद करून ही अट तपासता येते, त्याला कुठलाही तज्ज्ञ लागत नाही. छापायचं बटण, टक्केवारीचा आलेख, निकाल पाठवायची सोय हे सगळं त्यानंतर सावकाश आलं तरी चालेल.