तीस वर्षं ट्रॅक्टर हाणला, चालवायला शिकलो गेल्या वर्षी



कारखाने सुरू व्हायच्या आत एक गोष्ट लिहून टाकतो. आज पिकाचं काही नाही. माझ्या चुकीचं आहे.

दहावी झाल्यावर दोन वर्षांनी मी चुलत्यांच्या ट्रॅक्टरवर बसलो. त्यांनी क्लच, गिअर, ब्रेक दाखवला आणि म्हणाले, "हाण." झालं शिक्षण. पुढं तीस वर्षं नांगरट, रोटर, ऊस वाहतूक सगळं केलं. भरलेली ट्रॉली उलटी अशी लावतो की बघणारा बघत राहतो. त्यामुळं आपल्याला चालवता येतं की नाही, असा प्रश्न मनात कधी आलाच नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी रानात रोटर मारला आणि दुपारी त्याच ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जोडून निघालो. पुतण्या डाव्या मडगार्डवर बसलेला. ओढ्याच्या उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं, आपण बरेच जण करतो तसं. खाली म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला आणि ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडं वळून चारीत गेला. पुतण्या फेकला गेला, मांडीचं हाड मोडलं. पोरगं पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळत होतं. आज चालतंय, पण पाय ओढत.

म्हैस आडवी आली, असं मी सगळ्यांना सांगितलं. लोकांनी तेच धरलं. मीही तेच धरून बसलो.

गेल्या वर्षी धाकटा मुलगा अठराचा झाला आणि ट्रॅक्टरवर बसायचं म्हणायला लागला. कृषी विज्ञान केंद्रात तीन दिवसांचं ट्रॅक्टर प्रशिक्षण होतं, तिथं त्याला घेऊन गेलो. मी आपला मागं बसलो, मला काय शिकवणार म्हणून. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "स्वतःच्या ट्रॅक्टरचं पुस्तक कुणी वाचलंय?" वीस-बावीस जणांत एक हात वर नाही.

रात्री घरी येऊन पेटीतून पुस्तक काढलं. प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. ब्रेकच्या पानावर चित्र होतं. दोन ब्रेक पेडल आणि ती एकमेकांना जोडणारी पट्टी. रानात वळताना एकेक ब्रेक वापरायला पट्टी काढायची, रस्त्यावर यायच्या आधी परत लावायची. माझे हातपाय गार पडले. त्या दिवशी सकाळी रोटरसाठी मी पट्टी काढली होती, ती लावलीच नव्हती. घाईत पाय एकाच पेडलवर पडला. वळवलं म्हशीनं नाही, मी वळवलं.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला जाऊन सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आप्पा, धाकट्याला तरी ती पट्टी आधी दाखवा."

राहिलेल्या दोन दिवसांत मी पुढच्या बाकावर बसलो. सरांनी चुन्याची रेघ मारली आणि रेघेवर ब्रेक दाबायला लावला. ताशी १० च्या वेगाला ट्रॅक्टर दीड पावलात थांबला. २० ला सहा पावलं लागली. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. शिवाय म्हैस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर २० च्या वेगाला ट्रॅक्टर साडेपाच मीटर पुढं गेलेला असतो. हे रिकाम्या ट्रॅक्टरचं. मागं ऊस असला आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले, तर सगळं वजन आपल्यालाच ढकलतं. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल नाही, क्लचवर पाय नाही.

दुसरं पीटीओचं. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. टॉवेलाचं टोक किंवा साडीचा पदर शाफ्टला लागला, तर हात मागं घ्यायलाही वेळ मिळत नाही. आणि रुतलेली गाडी ओढायची तर साखळी खालच्या हुकालाच लावायची. वर टॉप लिंकच्या जागी बांधली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर मागं उलटतो.

गावात कुणी म्हणेल, पुस्तक वाचून पोहता येतं का? नाही येत. उलटी ट्रॉली लावणंही पुस्तकातून येत नाही, त्याला हात बसावा लागतो. पण अनुभव आपल्याला जे घडलं तेवढंच शिकवतो. जे एकदाच घडतं आणि माणूस घेऊन जातं, ते अनुभवानं शिकायचं कसं? आमचे आजोबा बाजारातून येताना बैलगाडीत झोपायचे, बैल घरी आणायचे. बैलाला डोळे होते, जिवाची भीती होती. ट्रॅक्टरला दोन्ही नाही. आपण मात्र बैलाच्या भरवशावर असल्यासारखे बसतो.

मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था १९५५ पासून आहे. म्हणजे हे शिकण्याचं काम आहे, हे सरकारला तेव्हाच कळलं होतं. गावात अजून कळलेलं नाही. औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण आपण दोनदा वाचतो, आणि लाखो रुपयांच्या यंत्राचं पुस्तक पेटीत ठेवतो.

कृषी विभागाच्या आणि केव्हीकेच्या साहेबांना एक विनंती. खत-बियाण्याच्या शिबिरात अर्धा दिवस ट्रॅक्टरला द्या, आणि तो हंगामाच्या आधी द्या. विकणाऱ्यांनी नारळ फोडून पेढे दिल्यावर तासभर बसून पुस्तक समजावून द्यावं, तेही मराठीत.

आणि मंडळी, आज संध्याकाळी एवढं करा. पुस्तक शोधा. ब्रेकची पट्टी लावलेली आहे का बघा. ट्रॉलीच्या मागचे रिफ्लेक्टर पुसा. मडगार्डवर पोरगं बसलेलं असेल, तर खाली उतरवा. ते रुसेल थोडं, रुसू द्या.